स्वस्थ कोण होते?

मराठी चित्रपट-समीक्षेत एक विशेषण अलीकडे फार स्वस्त झाले आहे: 'अस्वस्थ करणारा'. परिसंवादात ते उच्चारले की पुढचे बोलणे संपते. सर्वांत अस्वस्थ करणारे चित्रपट कोणते, अशी चर्चा निघाली की साहित्याचे विद्यार्थी आणि प्राध्यापक पाझोलिनीच्या 'सालो'पासून (१९७५) गास्पार नोएच्या 'इरिव्हर्सिबल'पर्यंत (२००२) नावे घेतात. कोणी किती सहन केले याची त्यात एक छुपी स्पर्धाही असते. माझा आक्षेप या चित्रपटांवर नाही, या विशेषणावर आहे.

शब्दाची फोड करून पाहू. जो स्वतःत स्थित आहे तो स्वस्थ, आणि त्या स्थितीतून जो हलवला जातो तो अस्वस्थ. म्हणजे अस्वस्थ होण्यासाठी आधी स्वस्थ असावे लागते. 'हा चित्रपट प्रेक्षकाला अस्वस्थ करतो' असे लिहिणारा समीक्षक नकळत एक प्रेक्षक गृहीत धरतो. तो चित्रपटगृहात येण्यापूर्वी निश्चिंत होता आणि दोन तासांनी घरी जाऊन पुन्हा निश्चिंत होऊ शकतो. या प्रेक्षकाला जात, वर्ग, गाव काहीच नसते असे आपण मानतो. प्रत्यक्षात ते सगळे त्याला असते, फक्त त्याचा उच्चार करावा लागत नाही.

रक्त आणि क्रौर्य दाखवून अंगावर काटा आणणारा चित्रपट आपल्या जुन्या काव्यशास्त्राला नवा नाही. बीभत्साचा स्थायिभाव जुगुप्सा, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. साधारणीकरण झाले की 'माझे' आणि 'परक्याचे' हा भेद गळतो व जुगुप्साही आस्वाद्य होते. ॲरिस्टॉटलच्या विरेचनातही प्रेक्षक शेवटी हलकाच होतो. तेव्हा केवळ किळस किंवा भीती उत्पन्न करून थांबणारी कलाकृती आपल्याला अस्वस्थ करीत नाही, ती आपले स्वास्थ्य परत करते. झाडीपट्टीत दिवाळीनंतर धानाची कापणी आटोपली की रात्रभर नाटके चालतात. प्रेक्षक मनसोक्त रडतो आणि पहाटे घरी जातो. आमचे विद्वान त्या नाटकांना 'रडवी' म्हणून नाक मुरडतात आणि परदेशी चित्रपटाकडून तोच निचरा मिळाला की त्याला 'अस्वस्थता' म्हणतात. झाडीपट्टीचा प्रेक्षक निदान आपल्या रडण्याला मोठे नाव देत नाही.

खरा प्रश्न चित्रपट किती भयंकर आहे हा नसून, तो आपल्याला कोणत्या जागी बसवतो हा आहे. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) डुक्कर पकडण्याचा प्रसंग बघायला गाव जमते आणि हसते. पडद्यावर आधीच एक प्रेक्षकवर्ग बसलेला आहे. अखेरीस जब्याचा दगड कॅमेऱ्याच्या दिशेने येतो, तेव्हा आपण त्या गावकऱ्यांच्याच रांगेत होतो हे उमगते. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) रक्ताचा थेंब नाही. नागपूरच्या वीरा साथीदारांनी उभा केलेला लोकशाहीर तारखांमागून तारखा भोगतो. सरकारी वकील बाई घरी स्वयंपाक करतात, कुटुंबासह नाटकाला जातात आणि परप्रांतीयांच्या टिंगलीवर सभागृहाबरोबर हसतात. त्या वाईट नाहीत, तुमच्याआमच्यासारख्या आहेत. न्यायाधीश सुटीवर बाकावर डुलकी घेतात, मुले ओरडून उठवतात, ते एकाला चापट मारून पुन्हा झोपतात. इतक्या स्वस्थपणे झोपलेला माणूस मराठी पडद्यावर दुसरा नसेल.

गोविंद निहलानींचा 'आक्रोश' (१९८०) याच दृष्टीने पुन्हा पाहावा. विजय तेंडुलकरांच्या पटकथेतला आदिवासी लहान्या जवळजवळ शेवटपर्यंत बोलत नाही. त्याने बोलावे म्हणून धडपडतो तो भास्कर कुलकर्णी, त्याचा सद्हेतूचा वकील. साहित्याचा प्राध्यापक नेमका याच खुर्चीत असतो: वेदना आहे, आता तिची साक्ष हवी. पण सालेकसा-देवरीकडच्या गोंड वा हलबा घरातून आलेली विद्यार्थिनी त्याच वर्गात बसून कुलकर्णींच्या बाजूने चित्रपट पाहील, असे आपण कशाच्या आधारावर धरून चालतो? लहान्याचे मौन तिला कोडे वाटेलच असे नाही.

हे सारे गोंदियातून लिहिताना दूरचे वाटत नाही. १ मे १९९९ पर्यंत गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. त्याच भंडाऱ्यातील मोहाडी तालुक्यात, खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मोठ्या वृत्तपत्रांना त्याची नीट दखल घ्यायला काही आठवडे लागले, तीही दलित जनता रस्त्यावर उतरल्यावर. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने ती जन्मठेपेत बदलली. ॲट्रॉसिटी कायदा मात्र दोन्ही ठिकाणी लागू झाला नाही. पडद्यावरच्या हिंसेने झोप उडते म्हणणाऱ्या आपल्या सुशिक्षित समाजाची झोप त्या आठवड्यांत शाबूत होती. संवेदनशीलता कमी पडली असे मी म्हणत नाही. ती कोणत्या अंतरावरून जागी होते, एवढेच विचारतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. प्रेक्षकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केल्याने काय साधते? अपराधभावाचीही चैन असते, 'मला दगड लागला' असे सांगण्यातही मिरवणे असते. मान्य. 'सैराट'चे (२०१६) उदाहरण बोलके आहे. 'झिंगाट'वर चित्रपटगृहे नाचली आणि शेवटच्या निःशब्द दृश्यात गप्प झाली. त्या गप्प होण्याचे आपण कौतुकही केले. त्यानंतर 'झिंगाट' लग्नाच्या वरातींत गेले, तो शेवट चित्रपटगृहातच राहिला. वास्तविक तो शेवटही लग्नाबद्दलच आहे! पण म्हणूनच भावनेची तीव्रता हा निकष पुरेसा नाही, हे माझे म्हणणे अधिक पक्के होते. चित्रपटाने समाज सुधारावा अशी अपेक्षा मी करीत नाही. समीक्षेने निदान प्रेक्षकांत भेद असतो हे लपवू नये, एवढी आहे.

आपला कायदा प्रौढत्व वयात मोजतो. अठराव्या वर्षी 'अ' प्रमाणपत्राचा चित्रपट खुला होतो. २०२३ च्या दुरुस्तीने तर त्याखालीही सात, तेरा, सोळा अशा पायऱ्या केल्या. शासनाला वयापलीकडे काही मोजता येत नाही, हे समजू शकते. साहित्याच्या वर्गाला ती सबब नाही. प्रौढ प्रेक्षक म्हणजे आपण कुठे बसून पाहतो आहोत हे ज्याला ठाऊक आहे, तो.

म्हणून शिक्षक-मित्रांना एक सुचवणी. चित्रपट संपल्यावर 'कसे वाटले?' हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवू. 'तू यात कोणाच्या शेजारी बसला होतास?' असे विचारू. उत्तरे एकसारखी येणार नाहीत. आणि उत्तरपत्रिकेत 'अस्वस्थ करणारी कलाकृती' असे कोणी लिहिले, तर समासात दोनच शब्द लिहू: कोणाला? कशातून?