द्रुपदाचं धनुष्य

द्रुपदाने स्वयंवरासाठी धनुष्य घडवलं ते अर्जुनाला मनात धरून. पण सर्वांना खुला, पारडं मात्र आधीच झुकलेलं. बंगळुरूत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळताना हा द्रुपद मला सूत्रधाराच्या खुर्चीत भेटतो. कथेत राजाचा उत्सव आला की तो स्पर्धा लावतो: कुस्ती, भालाफेक, मल्लखांब. वर म्हणतो, ‘नियम सगळ्यांना सारखा.’

सारखा कसा? बळ १८ असलेल्या योद्ध्याच्या फाशात ४ मिळवतात, बळ ८ असलेल्या जादूगाराच्या फाशातून १ वजा होतो. वीस बाजूंच्या फाशावर १५ गाठायचे असतील, तर योद्धा दोनदा टाकून एकदा गाठतो, जादूगार चारदा टाकून एकदा. असे तीन डाव झाले की बाकीची मंडळी प्रेक्षक.

त्यापेक्षा एकच शर्यत ठेवा: बुरुजावरचं निशाण आणायचं. योद्धा दार फोडेल, चोर भिंत चढेल, जादूगार कुलपाचं कोडं सोडवेल. प्रत्येक वाटेला तिचा धोका असू द्या.

आणि शाहिराचं काय? त्याची पाळी आली की सूत्रधार फासा बाजूला ठेवून खेळाडूचं भाषण ऐकतो, तेही इंग्रजीत. योद्ध्याच्या खेळाडूला टेबल उचलून दाखव, असं कोणी म्हणत नाही. मग कन्नड, तमिळ किंवा मराठीत विचार करणाऱ्याचाच शाहीर इंग्रजीत अडखळला म्हणून का हरावा? त्याला दोन वाक्यं आपल्या भाषेत बोलू द्या आणि फासा टाकू द्या. नाहीतर खुल्या स्पर्धेच्या गप्पा बंद करा.