पिकअप बदलून कोणी 'भारी' होत नाही

आधीच सांगतो, आज भांडायच्या मूडमध्ये आहे. भांडण आहे आमच्या पनवेलमधल्या (आणि ठाण्या-पुण्यातल्याही) त्या तमाम पोरांशी, ज्यांना वाटतं की गिटारचा पिकअप बदलला की आवाज आपोआप 'हेवी' होतो.

घरच्या मंडळींसाठी खुलासा. मावशी, हा पिकअप म्हणजे भाजीचा टेंपो नव्हे! इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली जी लांबुडकी डबी दिसते ना, ती. आत चुंबक आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की वेढ्यांत इवलासा विद्युतप्रवाह तयार होतो आणि तो अँपकडे जातो. बस्स. पिकअप स्वतः आवाज करत नाही. तार काय करतेय याची चहाडी तो अँपकडे करतो, एवढंच.

आता तक्रार. माझा भाचा आणि त्याचे मित्र हार्बर लाइनने मुंबईला जातात, आठ-दहा हजारांचा पिकअप घेऊन येतात आणि मला सांगतात, "मामा, जुना आठ के चा होता, हा चौदा के चा आहे!" जणू बाइकचे सीसीच. अरे बाबांनो, हा आकडा ताकदीचा नाही, तारेच्या विद्युतरोधाचा आहे. तार अजून बारीक वापरली तरी तो वाढतो. वेढे वाढवले तर सिग्नल मोठा होतो हे खरं, पण त्याबरोबर वरचे स्वर बोथट होत जातात. म्हणजे रिफमधली धार जाते आणि चिखल उरतो. आणि गंमत बघा, मेटलवाल्यांच्या लाडक्या ईएमजी ८१ मध्ये हा 'के'चा हिशोब लागूच पडत नाही. त्याच्या पोटात छोटा प्रीअँप असतो आणि तो चालतो नऊ व्होल्टच्या बॅटरीवर.

मग हे 'हॉट' पिकअप आले कुठून? डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन १९७२ सालचा. त्या काळी अँपमध्ये आजच्यासारखा गेन नव्हता, म्हणून व्हॉल्व्हच्या अँपला ढोसून त्याचा आवाज फाडायला मोठा सिग्नल लागायचा. औषध बरोबर होतं, रोग खरा होता. आज साध्यातल्या साध्या पेडलवर किंवा फोनमधल्या ॲपवर गेनचा नॉब निम्म्यावर नेला तरी भिंती हादरतात. रोग गेला, औषध मात्र दुकानात अजून विकलं जातंय.

आणि ज्याच्या नावाने सगळे कान पकडतात तो टोनी आयोमी? बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटंच गेली. त्याने प्लास्टिक वितळवून टोपणं बनवली आणि हलक्या तारा मिळेनात म्हणून बँजोच्या तारा चढवल्या. १९७० चा ब्लॅक सबाथचा पहिला अल्बम बहुतेक सगळा सिंगल कॉइल पिकअपच्या गिब्सन एसजीवर वाजवलाय. पुढे १९७१ च्या अल्बममध्ये काही गाण्यांसाठी त्याने तारा तब्बल दीड सूर खाली उतरवल्या. खुंट्या पिळायला किती पैसे पडतात हो?

"मग मोठे गिटारिस्ट पिकअप का बदलतात?" हा हुकमी प्रश्न. बदलतात, कारण त्यांना नेमकं काय कमी पडतंय ते कळलेलं असतं. तुमचा अँप दहा वॅटचा, त्यात साडेसहा इंची स्पीकर, तारा मागच्या पावसाळ्यापासूनच्या. आपल्याकडच्या दमट हवेत त्या गंजतात, मान वाकते, नॉब खरखरतात. आधी पाच-सातशेच्या जाड तारा घाला. पिकअपचे दोन स्क्रू फिरवून त्याची उंची बघा. तो तारांच्या फार जवळ असेल तर चुंबक तारा ओढतो आणि सूर डगमगतो. सिंगल कॉइल काढून हंबकर बसवलात आणि २५० के चे पॉट तसेच ठेवलेत तर आवाज दबतो. हंबकरला बहुधा ५०० के लागतात. हे दुकानदाराने सांगितलं होतं का?

एक गोष्ट मान्य करतो. सिंगल कॉइलवर डिस्टॉर्शन लावलं की विजेची पन्नास हर्ट्झची गुणगुण असह्य होते. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये हंबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला तो याचसाठी. उलट वेढ्यांची, उलट चुंबकांची दोन कॉइल. गुणगुण एकमेकांना खाते, तारेचा आवाज मात्र जुळून येतो. त्यासाठी पिकअप बदललात तर माझा आशीर्वाद! पण घरातलं अर्थिंगच बोंबललेलं असेल तर हंबकरही काय करणार? आणि तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर गिटार खाली ठेवा आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. हे गमतीत सांगत नाहीये.

सगळ्यात जास्त राग येतो तो हीच पोरं बँजो पार्टीला हसतात तेव्हा. उरण-पनवेल-पेणच्या हळदीत वाजतो तो बँजो म्हणजे मूळचं जपानी ताइशोगोतो. नागोयाच्या गोरो मोरिताने १९१२ मध्ये काढलं, आपल्याकडे बुलबुल तरंग झालं आणि पुढे त्यालाही पिकअप लागला. म्हणजे तुमच्या गिटारचा चुलत भाऊच. तो वाजवणारा दादा ढोल-ताशाच्या गदारोळात तासन्‌तास उभा राहून एकेक सूर स्वच्छ काढतो. "दादा, पिकअप किती के चा?" असं त्याला कोणी विचारत नाही. बायाबापड्या नाचतात, तेवढं प्रमाणपत्र त्याला पुरतं.

हेवीपणा असतो उजव्या हातात. तळवा ब्रिजपाशी तारांवर टेकवायचा, एकच तार मेट्रोनोमवर सलग दहा मिनिटं वाजवायची, आणि प्रत्येक घाव तितकाच घट्ट पडला पाहिजे. ड्रमरच्या बासड्रमवर तो नेमका बसला की जे छातीत धडकतं, तेच भारी. हे कंटाळवाणं आहे आणि विकत मिळत नाही, म्हणून त्याची जाहिरातही होत नाही.

माझं भांडण पिकअपशी नाहीच. भांडण आहे ते वाजवायला शिकायच्या आधी गिऱ्हाईक व्हायला शिकवणाऱ्या धंद्याशी. ते दहा हजार बहुतेक वेळा कुणाच्या तरी बाबांच्या पगारातले असतात. पिकअप चहाडखोर आहे म्हटलं ना, मग जितका महाग घ्याल तितकी तुमच्या कच्च्या हाताची चहाडी तो जास्त स्पष्टपणे करणार. आधी हात पक्का करा. मग खुशाल चौदा के चा घ्या, सोल्डरिंग मी फुकट करून देतो.