नाडीचा यतिभंग

गेल्या श्रावणांत आमच्या नाडीची चाल बिघडली. वृत्तांतील मात्रांप्रमाणें नेमानें पडणारे ठोके कधीं दोन एकदम, तर कधीं लांब विराम घेऊन पडूं लागले. शार्ङ्गधरानें नाडीच्या गतीस सर्प, बेडूक, हंस इत्यादिकांच्या चालीची उपमा दिली आहे. आमची नाडी एकाच घटकेंत या तिघांचीही चाल चालत होती. डॉक्टरांनीं कार्डिओग्राम काढून ‘एट्रियल फिब्रिलेशन’ असें निदान केलें, व औषधानें गुण न आल्यामुळें ‘अॅब्लेशन’ करण्याचें ठरलें.

हा उपचार थोडक्यांत असा. फुप्फुसांतून शुद्ध रक्त आणणाऱ्या, बहुधा चार, शिरा हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यांत उघडतात. या व्याधीचे चुकार ठोके पुष्कळदां त्या शिरांच्या तोंडाशींच उगम पावतात, असें फ्रान्समधील बोर्दो येथील डॉ. मिशेल ऐसागेर व त्यांचे सहकारी यांनीं १९९८ सालीं दाखवून दिलें. म्हणून जांघेंतील शिरेंतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन त्या तोंडांभोंवतीं उष्णतेनें व्रणाचें कडें घालतात. व्रणांतून विद्युत् वाहत नाहीं. त्यामुळें चुकार ठोका आंतच कोंडला जातो. छाती उघडावी लागत नाहीं.

उपचारानंतर सहा तास पाय न हलवितां उताणे पडून राहिलों, व दुसऱ्या दिवशीं घरीं आलों. नाडी सुतासारखी सरळ झाली होती. परंतु दहाव्या रात्रीं ती पुनः अडखळली, आणि पैसाही गेला व गुणही गेला असें समजून आम्ही हताश झालों. डॉक्टर म्हणाले, “ताजा व्रण कांहीं काळ चिडलेला असतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत ठोके चुकले, तरी तेवढ्यावरून उपचार फसला असें ठरत नाहीं.” सातव्या आठवड्यानंतर नाडी खरोखरच स्थिरावली.

मग आमच्या बुद्धीनें दुसरें टोंक गांठलें. प्रकृति सुधारली, आतां रक्त गोठूं न देणारी गोळी कशास, असा विचार करून आम्हीं ती दोन दिवस गुपचूप टाळली. शिल्लक गोळ्या मोजून सूनबाईंनीं ही चोरी पकडली. त्या रागावल्या नाहींत, गोळी व पाण्याचें भांडें पुढें ठेवून म्हणाल्या, “मामंजी, परीक्षा संपली हें मुलानें सांगायचें, कीं गुरुजींनीं?” पस्तीस वर्षें वह्या तपासलेल्या आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

वरचा कप्पा नीट आकुंचन पावेनासा झाला म्हणजे तेथें रक्त सांकळून गुठळी होऊं शकते, व ती मेंदूंत गेल्यास अर्धांगवायु होतो. उपचारानंतरच्या आरंभींच्या काळांतही हें भय असतेंच. पुढें गोळी केव्हां थांबवावी, किंवा थांबवावी कीं नाहीं, हें बरें वाटण्यावरून नव्हे, तर वय, रक्तदाब, मधुमेह इत्यादि पाहून डॉक्टरांनींच ठरवावयाचें असतें.

तेव्हां आमच्या वयाच्या वाचकांस सांगणें इतकेंच, कीं नाडी चुकली म्हणून धीर सोडूं नये, व नाडी सुधारली म्हणून गोळी सोडूं नये. मात्र मूर्च्छा, छातींत कळ, ताप, गिळतांना वेदना किंवा एका अंगास लुळेपणा, यांपैकीं कांहीं दिसल्यास घटकाभरही न थांबतां दवाखाना गांठावा. आमच्या गोळ्यांची डबी आतां सूनबाईंच्या ताब्यांत आहे, आणि तेंच ठीक आहे.