धुक्यातले द्राक्ष

मराठीच्या प्राध्यापकाने दिवाळी अंकात वाईनवर लिहावे आणि संपादकांनी ते छापावे, हे पाहून काही वाचकांच्या भुवया वर जातील याची मला कल्पना आहे. आमच्या घरच्या तर गेल्याच आहेत. ज्याने इतकी वर्षे वर्गात ‘एकच प्याला’ शिकवला, त्याला हे सुचावे कसे? तेव्हा आधीच सांगून टाकतो की, मला या प्रकरणात रस आहे तो मुरण्यापुरता. आपल्याकडे लोणचे मुरते, मुरंबा मुरतो, गवई मुरतो. एखादा कारकून मुरला म्हणजे तर साहेबही त्याला वचकून असतो. इटलीच्या वायव्येला पिएमाँत प्रांतात बारोलो नावाचे हजारभरही वस्ती नसलेले एक खेडे आहे. त्या खेड्याच्या नावाने जी तांबडी वाईन ओळखली जाते, तिच्यासारखी मुरणारी वस्तू जगात थोडी.

या वाईनचे द्राक्ष एकच, नेब्बिओलो. इटालियन भाषेत ‘नेब्बिया’ म्हणजे धुके. कुणी म्हणतात, शरदात लांगेच्या टेकड्यांवर धुके उतरू लागले की हे द्राक्ष पिकते, म्हणून हे नाव; कुणी म्हणतात, पिकलेल्या मण्यांवर जी पांढुरकी झाक चढते तिच्यावरून. व्युत्पत्तीच्या भांडणात पडण्याचा माझा धंदाच आहे, पण इथे दोन्ही पक्ष इतके गोड आहेत की निकाल देववत नाही. द्राक्ष मात्र मोठे हट्टी. अंकुर फुटणार सर्वांच्या आधी, पिकणार सर्वांच्या शेवटी. म्हणजे वसंतातल्या हिमाची भीतीही त्यालाच आणि शरदातल्या पावसाचीही. शिवाय त्याला टेकडीची ऊन खाणारी बाजूच हवी; दुसरीकडे लावले तर रुसून बसते.

ट्यूरिनला शिकत असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला एकदा या टेकड्या दाखवल्या आणि एका तळघरात नेऊन घोटभर बारोलो पुढे केली. (घोटभरच. सौभाग्यवतींनी नोंद घ्यावी.) रंग पाहून मी फसलो. डाळिंबाच्या पातळ रसासारखा तो रंग. त्यातून पलीकडचा दिवा दिसत होता. म्हटले, ही काय बिचारी शंभर मैलांवरून नावाजलेली! तोंडात घेतली मात्र, आणि कच्चा हिरडा चावल्यासारखी जीभ टाळूला चिकटली. माझा चेहरा पाहून विद्यार्थी हसला. म्हणाला, “सर, ही अजून लहान आहे.”

तो तुरटपणा म्हणजेच या वाईनचे भांडवल. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन नावाचे द्रव्य असते. आपल्या चहात, सुपारीत, हिरड्यात असते त्याच जातीचे. नेब्बिओलोत ते भरपूर, आणि जोडीला आंबटपणाही कडक. जुन्या रीतीने रस सालींसकट महिना महिना, कधी त्याहूनही जास्त, ठेवीत. मग ओकच्या प्रचंड पिंपांत वर्षानुवर्षे. लाकडातून हवेचा अगदी बारीक वावर चालतो. टॅनिनचे कण एकमेकांना आणि रंगद्रव्याला चिकटून मोठे होत जातात, काही गाळ होऊन तळाशी बसतात, आणि जिभेला ओरबाडणारी ती धार हळूहळू बोथट होते. रंग विटेकडे झुकतो. वासात जाणकारांना गुलाब आणि डांबर एकदम सापडतात. गुलाब मला सापडला नाही. डांबराचा थोडा संशय आला. आज कायद्याने बारोलोला किमान ३८ महिने थांबावे लागते, त्यातले १८ लाकडात. ‘रिझेर्व्हा’ म्हणवून घ्यायचे तर ६२ महिने. चांगल्या सालची बाटली वीस-तीस वर्षेही सहज काढते. अकरा गावांच्या हद्दीबाहेर पिकलेल्या द्राक्षाला हे नाव लावता येत नाही. त्यातही ला मोर्रा गावच्या बाजूची माती थोडी सौम्य, तिथली वाईन लवकर माणसात येते. सेर्रालुंगाची कडक, ती आपल्या मर्जीने बोलू लागते.

आता या वाईनच्या जन्मकथेकडे वळतो, कारण तिच्यात एक लेखक आहे आणि तो मला सोडवत नाही. बारोलोची जहागीर फॅलेत्ती घराण्याची. या घराण्याची अखेरची सून जुलिएत कोल्बेर ही फ्रेंच. चौदाव्या लुईच्या प्रसिद्ध मंत्र्याच्या कुळातली. नवरा तांक्रेदी १८३८ साली वारला, मूलबाळ नव्हते. गावातल्या वाईनला रूप आणि प्रतिष्ठा आणण्यात या बाईचा मोठा वाटा. तिने राजा कार्लो आल्बेर्तोला ३२५ पिंपे वाईन भेट पाठवली, वर्षाच्या दिवसांतून उपासाचे दिवस वजा करून, अशी आख्यायिका तिथे सांगतात. आख्यायिका म्हणूनच ती ऐकावी. पण बाईचे खरे काम निराळे. ट्यूरिनच्या तुरुंगात कैदी बायकांच्या कोठड्यांत ती स्वतः जाऊन बसे, त्यांना लिहायला-वाचायला शिकवी. पुढे तुरुंगाची व्यवस्थाच तिने आपल्या हाती घेऊन सुधारली. आणि तुरुंगाची ही कणव असलेल्या बाईच्या घरी ग्रंथपाल म्हणून राहायला आला कोण, तर सिल्व्हिओ पेल्लिको! ऑस्ट्रियन सरकारने राजद्रोहाखाली दहा वर्षे कोंडलेला कवी. स्पीलबर्गच्या किल्ल्यातून १८३० साली सुटून त्याने ‘माझे तुरुंग’ हे पुस्तक १८३२ साली लिहिले, आणि ते युरोपभर वाचले गेले. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या सावरकरांच्या पुस्तकामुळे मॅझिनी मराठी माणसाच्या ओळखीचा झाला. पेल्लिको त्याच काळातला, आवाज मात्र अगदी हळू. शिव्याशाप नाहीत, आक्रोश नाही. तो १८५४ साली वारला, त्याची धनीण १८६४ साली. तिची सारी मिळकत धर्मादाय संस्थेकडे गेली. बारोलोच्या वाड्यात आज वाईनचे संग्रहालय आहे, आणि त्याने सांभाळलेली ग्रंथांची कपाटेही.

तिकडे जवळच्याच ग्रिन्झाने गावी तरुण काव्हूर मळे पाहत होता. १८३२ पासून पुढे सतरा वर्षे तो त्या खेड्याचा महापौर. इटली एक करण्यापूर्वी त्याने द्राक्षे एक केली म्हणायची. कोरडी, म्हणजे गोडी पूर्ण आंबवून घालवलेली बारोलो पहिल्यांदा कुणी केली यावर वाद आहे. पूर्वी श्रेय उदार नावाच्या फ्रेंच माणसाला देत; अलीकडच्या संशोधनाने काव्हूरच्या पदरचा सेनाधिकारी स्टाल्येनो याचे नाव पुढे आणले आहे.

राजवाड्यांची ही हकिगत झाली. टेकड्यांवरच्या कुळांची वेगळी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लांगे म्हणजे दारिद्र्याचे माहेर. आल्बा गावच्या बेप्पे फेनोलिओची ‘ला मालोरा’ ही १९५४ सालची छोटी कादंबरी वाचावी. कर्जापायी मुलाला दुसऱ्याच्या शेतावर राबायला धाडणाऱ्या घराची ती गोष्ट; आपल्या कोरडवाहू खेड्यातली म्हणून कुणी पुढे केली तर शंका येऊ नये. तरणी पोरे ट्यूरिनच्या मोटारींच्या कारखान्यात गेली. शिवाय १९८६ साली पिएमाँतातच काही नफेखोरांनी स्वस्त वाईनमध्ये मिथेनॉल मिसळले आणि वीसाहून अधिक माणसे मेली. मुंबईच्या मालवणीत २०१५ साली याच विषाने शंभरावर बळी घेतले, तेव्हा ते नाव आपल्याला नव्याने सांगायला नको. प्रामाणिक मळेवाल्यांचाही बाजार तेव्हा बसला.

याच काळात एका घरात जे घडले ते कुठल्याही नाटककाराला पुरे व्हावे. ला मोर्राचा एलिओ आल्तारे हा तरुण बर्गंडीत जाऊन आला. तिथले मळेवाले सुखवस्तू, आणि आपण कंगाल का? त्याला उत्तर दिसले ते स्वच्छ तळघरात आणि सव्वादोनशे लिटरच्या लहान नव्या ओकच्या पिंपांत. वडिलांची जुनी प्रचंड पिंपे त्याला रोगट वाटत. १९८३ साली त्याने यांत्रिक करवत घेतली आणि ती पिंपे कापून काढली. बापाने मुलाला वारसा नाकारला, आणि दोन वर्षांत, न बोलताच, तो वारला. ज्या मळ्यासाठी हे सारे केले तो एलिओला भावंडांकडून विकत घ्यावा लागला.

त्याच्यामागे तरुणांची एक फळी उभी राहिली. चार-आठ दिवसांत साली काढायच्या, लहान पिंपांत घालायचे, वाईन लवकर प्रसन्न व्हायची. अमेरिकेत मागणी वाढली, किमती चढल्या, खेडी सावरली. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. दुसऱ्या बाजूला बारोलो गावात बार्तोलो मास्कारेल्लो हा म्हातारा चाकांच्या खुर्चीत बसून बाटल्यांची लेबले हाताने रंगवी. एका लेबलावर त्याने लिहिले की, लहान पिंपही नको आणि बेर्लुस्कोनीही नको. ‘बॅरीक’ म्हणजे लहान पिंप, आणि बेर्लुस्कोनी हा त्या वेळचा इटलीतला बडा धनिक पुढारी. नव्या लाकडाच्या व्हॅनिलासारख्या वासाने सगळ्या वाईन एकाच शाळेचा गणवेश घालतात, असे त्या पक्षाचे म्हणणे. आणि मुरण्याच्या बाबतीत माझे मत, विचारले नसले तरी, त्यांच्या बाजूचे आहे. पण वडिलांच्या हाती आयुष्यभर राबून कंगाल राहिलेल्या मुलाला ‘थांब, मुरेल’ असे सांगणे मला जमले नसते.

मास्कारेल्लो २००५ साली वारला. त्याची मुलगी मारिया तेरेसा आता ते घर चालवते. चार मळ्यांची द्राक्षे वडिलांसारखीच एकत्र करते आणि मोठ्या पिंपांतच मुरवते. आल्तारेंच्या घरचे कामही मुलीकडेच आले आहे, सिल्व्हियाकडे. तिच्या तळघरात लहान पिंपे आहेत, पण नव्या लाकडाचा मारा वडिलांच्या वेळेपेक्षा कमी. टेकड्या मात्र पूर्वीपेक्षा तापतात, आणि ऑक्टोबरच्या धुक्यात पिकणारे ते द्राक्ष अलीकडे काही वर्षी सप्टेंबरातच, धुके उतरण्याआधी, तोडावे लागते.