रात्री-अपरात्री कोण फिरणार?

परवा लग्नासाठी अजिंठ्याला गेले होते. शेजारची बारावीतली मुलगी म्हणाली, "मावशी, मला पोलिसात जाऊन गुन्ह्यांचा तपास करायचाय." आई लगेच कडाडली, "रात्री-अपरात्री प्रेतं बघत फिरणार का?"

मैत्रिणींनो, मला मात्र घाटाखालचं जळगाव आठवलं. 1994 मध्ये तिथलं वासनाकांड उघडकीला आलं. फोटोंच्या धाकानं मुली गप्प होत्या. त्या तपासात मीरा बोरवणकर होत्या. अशा मुलीनं पुरुष अधिकाऱ्यापुढं काय काय सांगायचं हो? 2013 पासून तर बलात्काराची फिर्याद पीडितेकडून महिला अधिकाऱ्यानंच लिहून घ्यावी, असा कायदाच आहे. पण त्या अधिकारी यायच्या कुठून? आपल्याच घरांतून ना!

वाट अवघड आहे, बंद नाही. कुठल्याही शाखेची पदवी घेऊन एमपीएससीची फौजदारकीची परीक्षा देता येते. महिलांना 30 टक्के आरक्षण आहे. विज्ञानाची गोडी असेल, तर छत्रपती संभाजीनगरात 2009 पासून शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे.

मैदानी चाचणीही असते, म्हणून मी तिला विचारलं, "पळतेस का रोज?"

आईकडं बघत ती हळूच म्हणाली, "पळते. ही उठायच्या आत."