पहिला केसपेपर



या सदरातून आम्ही आजवर रेशनकार्ड, जातपडताळणी, फंडाचे पैसे, शाळेचे प्रवेश असे विषय हाताळत आलो. वाचक विहारात भेटतात तेव्हा चारचौघांत मोठ्याने विचारतात, "साहेब, उत्पन्नाचा दाखला किती दिवसांत मिळतो?" पण अलीकडे एक प्रश्न असा येऊ लागला आहे की विचारणारा आधी इकडेतिकडे पाहतो, आम्हाला जिन्याखाली घेऊन जातो आणि मग हळूच म्हणतो, "दादा, ते डोक्याचे डॉक्टर कुठल्या वारी बसतात हो?"

एकेकाला जिन्याखाली सांगत बसण्यापेक्षा या वेळी छापूनच टाकावे असे आम्ही ठरवले.

मुळात एवढे लपवायचे कशासाठी? मूतखडा झाला तर आपण शेजाऱ्याला एक्स-रे काढून दाखवतो. बायपास झालेला माणूस तर लग्नाच्या पंगतीतही ऑपरेशनची गोष्ट सांगतो. पण झोप उडाली, मन उठले, विनाकारण भीती वाटू लागली की घरादाराच्या तोंडाला कुलूप. कारण आपल्या बोलण्यात या आजाराला दोनच पत्ते आहेत, एक ठाण्याचा आणि दुसरा येरवड्याचा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही महाराष्ट्रातली चार सरकारी मनोरुग्णालये. तिथेही आता रोज बाहेरच्या बाहेर तपासून घरी जाणारे लोक येतात, हे कोणी सांगत नाही. शिवाय पहिल्या वेळी तिथवर जायची गरजही नसते. केईएम, सायन, नायर, जे.जे. यांसारख्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. गावाकडच्यांसाठी जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात सोय आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ सालापासून चालू आहे तो त्याचसाठी. कानाचा, डोळ्याचा तसा हाही एक विभाग.

आता एका घराची हकीकत सांगतो. त्यांच्या परवानगीने, आणि नावगाव, खाते वगळून.

आमच्या ओळखीचे एक भाऊ आहेत, पंचेचाळिशीचे, कायम नोकरीत. पावसाळ्यापासून त्यांची झोप बिघडली. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. मग गॅलरीत बसून राहायचे. जेवण सुटले, कॅरम सुटला, जयंतीच्या वर्गणीच्या बैठकीलाही येईनासे झाले. महिन्यात अकरा खाडे पडले. छाती धडधडते म्हणून दोनदा कार्डिओग्राम काढला, दोन्हीही चांगले आले. कोणी ॲसिडिटीचे औषध दिले, कोणी टॉनिक. ओळखीच्या एका मेडिकलवाल्याने झोपेच्या गोळ्या दिल्या, तेही चिठ्ठीशिवाय. गावच्या एका चुलत्याने गुपचूप उतारा टाकला. बाबासाहेबांचा फोटो लावलेल्या घरात लिंबू कसे शिरले, यावर आम्ही भाषण देऊ शकलो असतो. दिले नाही. घाबरलेले माणूस मिळेल त्या फांदीला धरते. मात्र त्या लिंबात महिना गेला, हे नोंदवून ठेवतो.

डॉक्टरांकडे जाऊ म्हटल्यावर वहिनींना रडू आले. त्या म्हणाल्या, "भाऊ, वेडा म्हणून शिक्का बसला तर पोरीचं कसं व्हायचं? आणि यांची नोकरी?"

शेवटी आम्ही त्या दोघांबरोबर गेलो. सकाळी आठला केसपेपरच्या रांगेत उभे राहिलो. खिडकीतल्या गृहस्थाने विभागाचे नाव ऐकून मोठ्याने विचारले, "वेड्यांचा का? तिसरा मजला!" मागची सगळी रांग वळून पाहू लागली. भाऊ तिथूनच परत फिरले असते. आम्हीही खिडकीच्या आतल्या बाजूलाच नोकरी करतो, म्हणून कारकून बांधवांना सांगतो की आपण काय म्हणालो ते आपण चहापर्यंत विसरतो, पण रांगेतला माणूस ते घरी घेऊन जातो.

तिसऱ्या मजल्यावरच्या बाकावर कोण होते? पुस्तकांची पिशवी घेतलेली कॉलेजची मुलगी, एक पोलीस, तान्हे मूल मांडीवर घेतलेली बाळंतीण, नातवाचा हात धरलेल्या आजी. भाऊ बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "सगळी आपल्यासारखीच आहेत की."

आत डॉक्टर मॅडम होत्या, वयाने लहान. आम्ही बाहेर थांबलो. आत काय झाले ते दोघांनी नंतर सांगितले. विजेचा शॉक नाही, सुई नाही, फक्त प्रश्न. झोप कधीपासून बिघडली, भूक कशी आहे, कामावर काय चालले आहे, दारू किती, घराण्यात कोणाला असे झाले होते का, कानात कोणाचे आवाज येतात का. नवऱ्याला वेगळे विचारले, बायकोला वेगळे. आणि मग सरळ विचारले, "मरून जावं असं मनात येतं का?"

भाऊ गप्प राहिले. मग म्हणाले, "एकदा स्टेशनवर गाड्या सोडून देत तीन तास बसलो होतो."

पंधरा दिवसांपूर्वीची ही गोष्ट. एका खोलीत राहणाऱ्या बायकोला ती त्या दिवशी कळली. असे विचारल्याने नसते ते डोक्यात भरते, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. विचारल्याने माणसाला बोलायला वाट मिळते. घरच्यांनीही विचारावे. आणि उत्तर 'हो' आले तर त्याला एकटे सोडू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पोलीस केसच्या भीतीने घाबरू नये. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ११५ प्रमाणे जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असेच धरायचे असते आणि त्याला शिक्षा करायची नसते.

मॅडमनी रक्त, साखर आणि थायरॉईड तपासायला लावले, कारण थायरॉईड बिघडले तरी माणूस असा मंदावतो. आजाराचे नाव नैराश्य असे सांगितले आणि पंधरा दिवसांची औषधे दिली. भरती वगैरे काही नाही. पुढची तारीख घेऊन दुपारी घरी.

आता पुढचे नीट वाचा, कारण पुष्कळ घरांत गाडी इथेच अडते. चौथ्या दिवशी भाऊंनी गोळ्यांची पट्टी कपाटावर फेकली. "मळमळतंय, आणि गुण तर काडीचा नाही!" नैराश्याच्या गोळ्यांचे असेच असते. त्रास आधी होतो, गुण मागाहून येतो. गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहूनही जास्त. त्रास फार झाला तर डॉक्टरांना सांगून डोस किंवा गोळी बदलून घेता येते, पण आपल्या मनाने बंद करू नये. बरे वाटू लागले तरी साधारण सहा महिने किंवा अधिक काळ त्या चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. सवय लागते ती मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेल्या झोपेच्या गोळ्यांची. नैराश्याच्या गोळ्यांचे तसे व्यसन लागत नाही. लोक नेमकी उलटी भीती बाळगतात. दारूचे मात्र खरे सांगावे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर फिट येऊ शकते, म्हणून तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

नोकरीचे म्हणाल तर रजेच्या अर्जाला डॉक्टरांचे सर्टिफिकेट जोडले की पुरे. आजार काय तो साहेबांच्या टेबलावर पसरून ठेवायची गरज नाही, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे २०१७ च्या कायद्याने डॉक्टरांवर बंधन आहे. सरकारी नोकरीत असताना आजाराने अपंगत्व आले, आणि त्यात मानसिक आजारही धरला आहे, तरी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० प्रमाणे काढून टाकता येत नाही की हुद्दा कमी करता येत नाही. भाऊंचे प्रकरण तिथवर गेलेही नाही. ठेकेदाराच्या हाताखाली राबणाऱ्यांना मात्र या कलमाचा उपयोग नाही. ते दुखणे वेगळे, आणि त्यावर युनियननेच बोलले पाहिजे.

एक नाजूक गोष्ट. आपल्यातले काही जाणते उपासक म्हणतात, "दवाखाना कशाला? इगतपुरीला दहा दिवस बसवा, मन ताळ्यावर येईल." विपश्यनेबद्दल आम्हाला आदर आहे. पण त्या शिबिरांच्या नियमावलीतच लिहिले आहे की विपश्यना हा वैद्यकीय वा मानसोपचाराला पर्याय नाही आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांना ती सुचवली जात नाही. जे शिबीरवाले स्वतः सांगतात ते आपण तरी ऐकावे. बरे झाल्यावर, डॉक्टरांना विचारून, खुशाल जावे.

जाताना जुने रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटे पिशवीत टाका. ई.एस.आय.चे कार्ड असेल तर तेही. झोप, भूक, खाडे कधीपासून ते एका कागदावर लिहून न्या, कारण आत गेल्यावर आठवत नाही आणि गर्दीमुळे वेळही थोडा मिळतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. महापालिकेच्या रुग्णालयात केसपेपरचे थोडे पैसे लागतात. खाडा परवडत नसेल किंवा माणूस यायलाच तयार नसेल, तर १४४१६ हा नंबर लावा. ऑक्टोबर २०२२ पासून चालू झालेली ही टेलिमानस सेवा आहे. फोन मोफत, दिवसरात्र, आणि मराठीत बोलता येते. घरच्या माणसाने आपल्या माणसासाठी विचारले तरी चालते.

भाऊंचा चौथा महिना चालू आहे. झोप पाचपर्यंत लागते. खाडे थांबले. कॅरमला अजून येत नाहीत. गावच्या लग्नाला वीस दिवस जायचे म्हणून वहिनींनी परवाच महिन्याभराच्या गोळ्या आगाऊ लिहून घेतल्या आणि केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाच्या फायलीत लावून ठेवला.