तीन बटणांत न मावणारी तक्रार

मुंबई महापालिकेने जानेवारी २०२२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप चॅटबॉट सुरू केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारनेही ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सअ‍ॅपवर आणण्यासाठी ‘मेटा’शी करार केला. अशा संवादात संदेशाखालचे बटण दाबले की काम पुढे सरकते. मराठीत टाइप करणे ज्यांना जमत नाही, त्यांची ही मोठी सोय, हे मान्यच.

बटणावरचा मजकूर आपल्यासाठी असतो. दाबल्यावर सर्व्हरकडे जातो तो त्यामागचा ठरावीक संकेत. म्हणजे मजकूर मराठी असो वा इंग्रजी, यंत्रणेला फरक पडत नाही. त्यामुळे मराठी बटणे न देण्यास तांत्रिक सबब चालणार नाही. अडचण आहे ती जागेची. व्हॉट्सअ‍ॅप एका संदेशाखाली उत्तराची कमाल ३ बटणे देते, प्रत्येकावर २० चिन्हे. युनिकोडमध्ये काना, वेलांटी, हलन्तही वेगळे मोजले जातात. ‘तक्रारीची सद्यस्थिती’ एवढ्यातच वीस भरतात. (‘माझी तक्रार’ ११ चिन्हांत भागते, पण सरकारी मराठीला ते रुचेल तर ना!)

जास्त पर्यायांसाठी १० ओळींची यादी देता येते. तरीही, गटार तुंबले आहे आणि आधीच्या दोन तक्रारी न सोडवताच बंद झाल्या, हे कोणत्या ओळीत बसवायचे? ‘रस्ता’, ‘पाणी’, ‘कचरा’ यांपैकी एक दाबल्याशिवाय बॉट हलत नसेल, तर माणूस काहीतरी दाबतो. तक्रार भलत्याच खात्याकडे जाते आणि ‘आमच्याशी संबंधित नाही’ म्हणून निकाली निघते. तेव्हा तीनपैकी एक बटण ‘कर्मचाऱ्याशी बोला’ हे हवेच, आणि ते दाबल्यावर पलीकडे कर्मचारीही हवा.